माशी हवेत तोल कसा सांभाळते?

‘विज्ञानाच्या नियमांनुसार भुंग्याला उडताच यायला नको. पण त्याला ते माहीत नाही, म्हणून तो उडतो!’ हा संदेश परवा व्हॉट्सॲपवर पुन्हा आला, खाली ‘इच्छाशक्तीपुढे विज्ञान हरतं’ असा शेरा मारून. मूळ गोष्ट १९३४ सालच्या एका फ्रेंच पुस्तकातली. आंत्वान मान्यां या अभ्यासकाने विमानाला लावतात तो हिशेब कीटकांना लावला आणि उत्तर ‘अशक्य’ असं आलं. कीटकाचे पंख विमानासारखे ताठ, स्थिर नसतात, एवढाच याचा अर्थ. १९९६ मध्ये केंब्रिजच्या चार्ल्स एलिंग्टन यांच्या गटाने दाखवलं, की फडफडणाऱ्या पंखाच्या पुढच्या कडेला हवेचा भोवरा चिकटून राहतो आणि तोच जास्तीची उचल देतो. १९९९ मध्ये मायकेल डिकिन्सन, फ्रिट्झ-ओलाफ लेमान आणि संजय साने यांनी पंख उलटताना मिळणाऱ्या उचलीचा हिशेब मांडला. भुंगा विज्ञानाच्या नियमांनीच उडतो.

मला मात्र उचलीपेक्षा तोलाचा प्रश्न जास्त अवघड वाटतो. फळमाशी सेकंदाला साधारण २०० वेळा पंख मारते, म्हणजे एका फडफडीला ५ मिलिसेकंद. एवढा हलका जीव वाऱ्याच्या झुळकीने सहज कलंडतो. कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये फळमाशांच्या पाठीवर बारीकशी चुंबकीय काडी चिकटवली आणि उडता उडता चुंबकाचा झटका देऊन त्यांना गर्रकन वळवलं. माशा ६० मिलिसेकंदांच्या आत पुन्हा जवळजवळ मूळ दिशेला आल्या. पापणी लवायलाही यापेक्षा जास्त वेळ लागतो.

हे काम नुसत्या डोळ्यांनी होत नाही. माशीचे डोळे आपल्यापेक्षा कितीतरी चपळ आहेत, तरी दृश्य हललं हे ओळखून पंखांपर्यंत हुकूम पोचायला अनेक फडफडी जातात. तेवढ्यात माशी उलटीपालटी होईल. त्याआधीच खबर देणारं इंद्रिय तिच्या पाठीवर असतं.

पावसाळ्यात न्हाणीघराच्या भिंतीवर लांब पायांची, मोठ्या डासासारखी दिसणारी एक निरुपद्रवी माशी येऊन बसते. ती दिसली की मारू नका, नीट बघा. पंखांच्या मागे दोन्ही बाजूंना टाचणीसारखी एकेक दांडी दिसेल, टोकाला गाठ असलेली. हे हॉल्टिअर, म्हणजे संतोलक. घरमाशीलाही ते असतात, पण पापुद्र्याखाली झाकलेले. माशा आणि डास यांना पंखांची एकच जोडी असते. मागच्या जोडीचे उत्क्रांतीत संतोलक झाले. उडताना तेही पंखांच्याच वेगाने वर-खाली होतात, पण उलट तालात: पंख वर, तर संतोलक खाली. त्यांनी उचल मिळत नाही.

मग ते कशाला? अठराव्या शतकाच्या सुरुवातीला विल्यम डरहॅम या इंग्रज पाद्र्याच्या लक्षात आलं होतं, की ते काढले तर माशीला नीट उडता येत नाही. पुढे असंही दिसलं, की अशा माशीच्या पोटाला दोऱ्याचा तुकडा चिकटवला तर ती पुन्हा बऱ्यापैकी उडते. म्हणजे पंख शाबूत होते, गेला होता तो तोल. १९४८ मध्ये जॉन प्रिंगल यांनी संतोलकाचं भौतिकशास्त्र उलगडलं.

बागेतल्या फिरत्या चक्रावर मधून कडेकडे चालू लागलात, तर कुणीतरी बाजूला ढकलतंय असं वाटतं. उलटं आत चाललात, तर ढकलण्याची दिशाही उलटते. हेच कोरिऑलिस बल. ते चालण्याचा वेग आणि चक्राचा वेग या दोन्हींवर अवलंबून असतं. बेसिनमधलं पाणी या बलामुळे उत्तर गोलार्धात एकाच दिशेने फिरतं, असे व्हिडिओ फिरतात; त्यांवर विश्वास ठेवू नका. पृथ्वी सेकंदाला जेमतेम ०.००४ अंश फिरते. फळमाशी वळते ती सेकंदाला हजाराहून जास्त अंशांच्या वेगाने, म्हणून तिच्या इवल्याशा संतोलकावर हे बल जाणवण्याइतकं होतं.

आता माशी पुढे झुकली असं समजा. संतोलकाची गाठ वर जाताना एका बाजूला ढकलली जाते, खाली येताना दुसऱ्या. डावी-उजवीकडे कललं तरी तसंच होतं. पण दांड्या थोड्या मागे झुकलेल्या असतात. त्यामुळे पुढे झुकताना दोन्ही दांड्यांना सारखाच धक्का बसतो आणि कुशीवर कलताना विरुद्ध. जागच्या जागी डावीकडे-उजवीकडे वळताना प्रकार वेगळा. तेव्हा शरीर उभ्या अक्षाभोवती फिरत असतं, त्यामुळे गाठीच्या वर-खाली गतीचा उपयोग नसतो. धक्का बसतो तो चाप काढताना गाठ शरीराच्या जवळ-दूर होते त्यामुळे, आणि हे एका फेरीत दोनदा होतं. म्हणून वळण्याचा संकेत फडफडीच्या दुप्पट वारंवारतेचा. दोन दांड्यांवरून तिन्ही अक्षांचा हिशेब लागतो! तुमच्या मोबाइलमधला जायरोस्कोपही थरथरत्या सूक्ष्म वस्तूवरचं हेच बल मोजतो.

हे बल संतोलकाच्या स्वतःच्या हेलकाव्यातल्या बलापुढे अगदी क्षीण असतं. ते टिपायला दांडीच्या बुडाशी शेकडो घुमटाकार संवेदक असतात. कवच किंचित वाकलं की घुमट दबतो आणि खालचा चेतातंतू संदेश सोडतो.

पंख हलवणारे मोठे स्नायू ताणले गेले की आपोआप आकुंचन पावतात. प्रत्येक फडफडीला त्यांना मेंदूचा हुकूम लागत नाही. दिशा बदलण्याचं काम पंखाच्या बुडाशी असलेल्या बारीक स्नायूंचं. त्यातला बी-वन नावाचा एक स्नायू उडताना जवळजवळ प्रत्येक फडफडीला एकदाच, ठरल्या क्षणी पेटतो. संतोलकाकडून आलेला संदेश तो क्षण किंचित अलीकडे-पलीकडे सरकवतो आणि तेवढ्याने पंखाचा मार्ग बदलतो. मधली चेतासंधी, म्हणजे दोन चेतापेशींमधला सांधा, विद्युत प्रकारची, रसायन पाझरण्याची वाट न बघणारी. संदेश किती जोराचा यापेक्षा तो नेमका केव्हा आला याला इथे महत्त्व आहे. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत आवडते ती हीच गोष्ट.

१९९८ मध्ये आणखी एक धागा मिळाला: संतोलकाला स्वतःचे छोटे स्नायू असतात आणि त्यांना डोळ्यांकडून संदेश जातात. म्हणजे डोळे संतोलकाची चाल किंचित बदलतात आणि संतोलकामार्फत पंख वळवतात.

पतंगांना चार पंख असतात, संतोलक नसतात. बरेच पतंग संधिप्रकाशात उडतात, तेव्हा डोळे आणखी मंदावतात. साने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये एका मोठ्या पतंगाच्या स्पृशा, म्हणजे डोक्यावरच्या मिश्या, बुडाजवळचा भाग ठेवून कापल्या. पतंग भिंतींवर आपटू लागले, काही मागे-मागे उडाले. मग कापलेला भाग गोंदाने परत चिकटवला, आणि उड्डाण बरंचसं सुधारलं. गोंदाने चेतातंतू जुळत नाहीत. म्हणजे तोलासाठी हवं होतं ते स्पृशेचं थरथरतं वस्तुमान, आणि ती थरथर ओळखणारं इंद्रिय न कापलेल्या बुडाशी होतं. साने सध्या बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात, म्हणजे एनसीबीएसमध्ये, हेच काम करतात. माशीचा पंख आणि संतोलक इतक्या अचूक उलट तालात कसे राहतात, याचं उत्तरही तिथल्याच गटाने २०१५ मध्ये दिलं: दोघांना छातीच्या कवचातला एक ताठ दुवा जोडतो. तो कापला की ताल सुटतो.