त्सायली आणि जियाझुआंग: चिनी लग्नात कोण कोणाला काय देतं

चीनमधल्या लग्नखर्चाची बातमी मराठीत आली की तिच्यात 'उलटा हुंडा' हा शब्द हमखास असतो. तिकडे म्हणे मुलगाच हुंडा देतो. ऐकायला सोपं, पण त्यातून चिनी लग्नाचा व्यवहार अर्धाच कळतो, आणि कळलेला अर्धा भागही चुकीचा असतो. एकाच लग्नात तिथे दोन देणी असतात. मुलाकडून मुलीच्या घरी जातं ते त्सायली. मुलीच्या माहेरून तिच्यासोबत येतं ते जियाझुआंग. दोन्ही एकाच सोयरिकीत, कधी कधी तर त्याच नोटा दोन्ही नावांनी फिरतात, त्यामुळे गल्लत होणं साहजिक आहे. पैसा कुठून निघाला एवढंच पाहिलं तर ती गल्लत सुटत नाही. तो शेवटी कोणाच्या हातात राहिला, हे पाहावं लागतं.

आधी त्सायली. कन्फ्यूशियन परंपरेत लग्नाचे सहा विधी सांगितले आहेत: मागणी घालणं, मुलीचं नाव आणि जन्मवेळ विचारणं, शकुन पाहणं, भेटी पाठवणं, मुहूर्त कळवणं आणि शेवटी नवरीला आणायला जाणं. चौथा विधी म्हणजे त्सायलीचं मूळ. भेटी पोचल्या, स्वीकारल्या, की सोयरीक पक्की. हे नुसतं रीतीपुरतं नव्हतं. तांग राजवटीच्या दंडसंहितेत, जी 653 साली भाष्यासह जाहीर झाली, भेटी घेणं म्हणजेच शब्द देणं असं धरलं होतं. लेखी करार नसला तरी चाले आणि भेटी किती मोलाच्या याला महत्त्व नव्हतं. त्यानंतर मुलीकडच्यांनी शब्द फिरवला तर साठ काठ्यांची शिक्षा. मुलाकडच्यांनी मोडलं तर शिक्षा नाही, पण दिलेलं परत मागता येत नसे. म्हणजे त्सायली हे दोन घरांतलं, वडीलधाऱ्यांनी वडीलधाऱ्यांना दिलेलं वचन होतं. ज्या मुलीसाठी ते दिलं जाई तिचा त्यावर हक्क आहे की नाही, हा प्रश्नच त्यात नव्हता.

या भेटींत काय असे? रेशीम, मद्य, मिठाया, आणि चहा. चहाचं झुडूप एकदा रुजलं की उपटून दुसरीकडे लावता येत नाही, अशी जुनी समजूत होती. मुलीनेही सासरी तसंच रुजावं, ही अपेक्षा. काळ बदलला तशी यादी बदलली. 1970 च्या दशकात शहरी मुलीकडचे 'तीन फिरणाऱ्या आणि एक वाजणारी' अशा चार वस्तू मागत: सायकल, शिवणयंत्र, मनगटी घड्याळ आणि रेडिओ. पुढच्या दशकात टीव्ही, फ्रीज, धुलाईयंत्र आले. आता रोख रक्कम, सोन्याचे तीन दागिने, आणि त्याखेरीज मुलाच्या नावावर फ्लॅट आहे का, गाडी आहे का, ही विचारणा.

रोख रकमेलाही शुभशकुन लागतात. 10,001 युआन (चिनी चलन) म्हणजे दहा हजारांतून निवडलेली एकमेव मुलगी. आठाचा आकडा भरभराटीचा, म्हणून 88,888. चार टाळायचा. काही भागांत रंगांचा हिशेब आहे: पाच युआनच्या जांभळ्या दहा हजार नोटा, शंभराच्या लाल एक हजार, आणि वर पन्नासच्या हिरव्या नोटांचा थर. हिरव्या धरल्या नाहीत तरी दीड लाख युआन होतात. ऐकताना रंगीत वाटतं, पण शेतकरी घरात हे अनेक वर्षांचं उत्पन्न असतं, आणि त्यासाठी कर्ज काढलं जातं. मला या साऱ्या व्यवहारात सर्वांत जास्त खुपतं ते हेच.

रकमा इतक्या चढल्या कशा? 2020 च्या जनगणनेत चीनमध्ये पुरुष स्त्रियांपेक्षा सुमारे 3 कोटी 49 लाखांनी जास्त होते. एकाच अपत्याची सक्ती आणि मुलगाच हवा ही ओढ, यांचं हे फळ. त्यात खेड्यांतल्या मुली कामासाठी शहरांत जातात आणि तिथेच लग्न करतात, म्हणून मागे राहिलेल्या मुलांच्या घरांमध्ये चढाओढ लागते. सगळीकडे सारखं नाही. ग्वांगडोंग प्रांतात पर्ल नदीच्या मुखाकडच्या भागात त्सायली बऱ्याचदा नाममात्र, लाल पाकिटापुरती. च्यांगशी प्रांताचं नाव मात्र चढ्या त्सायलीसाठी सतत बातम्यांत असतं.

आता जियाझुआंग, आणि इथे दृश्य एकदम पालटतं. झेजियांग प्रांतातल्या निंगबो भागात सुखवस्तू घरची मुलगी निघाली की तिच्या सामानाची मिरवणूक निघे. लाल लाखेने रंगवलेले पलंग, कपाटं, पेट्या, तस्तं, शिवणाचे डबे, खांद्यावरच्या बांबूंना टांगून गावातून नेत. मिरवणूक 'दहा ली लांब' म्हणून ओळखली जाई. एक ली म्हणजे साधारण अर्धा किलोमीटर. आकडा अर्थातच कौतुकाचा, पण निंगबोजवळच्या निंगहाय इथली ही प्रथा 2008 मध्ये चीनच्या राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या यादीत आली, आणि असं लाल सामान तिथल्या संग्रहालयात आजही पाहायला मिळतं. त्यात बाळंतपणासाठीचं झाकणाचं लाकडी पिंपही असे, आत खजूर आणि लाल रंगवलेली अंडी घालून. रुखवत मांडताना आपल्या आयाबायांच्या मनात जे असतं, ते या मिरवणुकीतही होतं: मुलगी रिकाम्या हाताने आलेली नाही, हे चारचौघांना दिसू दे.

शेजारच्या शाओशिंगमध्ये मुलगी जन्मली की तांदळाच्या मद्याचे बुधले जमिनीत पुरायचे आणि तिच्या लग्नात उकरून काढायचे, अशी रीत सांगतात. काही ठिकाणी कापराचं झाड लावायचे, मुलीच्या लग्नाच्या वेळी ते तोडून त्याच्या पेट्या करायच्या आणि आत रेशीम भरून द्यायचं. तयारी अशी वर्षानुवर्षं चाले. त्सायली सोयरीक जुळल्यावर ठरते; जियाझुआंग मुलीच्या जन्मापासून साठत जातं. दोहोंतला हा फरक मला फार मोलाचा वाटतो.

हक्काच्या बाबतीतही जियाझुआंगची गोष्ट वेगळी. तांग आणि सुंग काळच्या कायद्यात भाऊ वेगळे झाले तर बायकोच्या माहेरून आलेली मालमत्ता वाटणीत धरत नसत. ती त्या जोडप्याचीच. सुंग काळात जियाझुआंग इतकं वाढलं की मुलीचं लग्न मुलाच्या लग्नापेक्षा महाग पडू लागलं. 11 व्या शतकातले मुत्सद्दी फान चुंगयान यांनी सुचौमधल्या आपल्या कुळासाठी जो सामाईक निधी उभारला, त्याच्या नियमांत मुलीच्या लग्नाला 30 गुआन (दोरीत ओवलेल्या नाण्यांच्या माळा) आणि मुलाच्या लग्नाला 20 गुआन मदत ठरवली होती. हे आकडे वाचले की 'चीनमध्ये पहिल्यापासून मुलगाच देतो' हा समज टिकत नाही. पुढे मंगोल युआन राजवटीने 1303 साली स्त्रीचा हक्क आक्रसला: विधवेने किंवा घटस्फोटितेने दुसरं लग्न केलं तर जियाझुआंग सासरीच ठेवायचं. त्यानंतरच्या मिंग आणि छिंग राजवटींच्या काळात तेच चालू राहिलं. मुलीचं धन सासरचं झालं ते असं, कायद्याच्या एका कलमाने.

दोन्ही देणी एकमेकांत मिसळतात ती जागा सर्वांत महत्त्वाची. मुलीच्या आईवडिलांपुढे त्सायली आल्यावर तीन वाटा असतात. एक, ती ठेवून घेणं; गरीब घरात ती अनेकदा मुलीच्या भावाच्या लग्नात त्सायली म्हणून पुढे जाते. दोन, ती जशीच्या तशी मुलीबरोबर परत पाठवणं. तीन, तिच्यात स्वतःची भर घालून, गाडी किंवा घराच्या सजावटीचा खर्च जोडून, जियाझुआंग म्हणून देणं. शहरांत दुसरी आणि तिसरी वाट आता फार रुळली आहे. अशा वेळी पैसा मुलाच्या घरातून निघून, मुलीच्या माहेरचा उंबरा शिवून, नव्या जोडप्याच्या खात्यावर येतो. त्याला वधूमूल्य म्हणणं अन्यायाचं आहे. तो नव्या संसाराचा गल्ला आहे. पण पहिल्या वाटेने गेलेल्या पैशाला मी संसाराचा गल्ला म्हणणार नाही. त्यात एका मुलीच्या लग्नावर तिच्या भावाचं लग्न उभं राहतं.

तैवानमध्ये ही विभागणी आधीच करून ठेवली आहे. तिथे 'मोठी' आणि 'छोटी' अशा दोन रकमा असतात. मोठी रक्कम समारंभात सर्वांसमोर मांडतात, आणि बहुतेक मुलीकडचे ती नंतर परत करतात. छोटी मुलीचे आईवडील ठेवून घेतात. शिवाय मुलीकडच्या नातलगांना वाटायचे केक मुलाकडचे देतात. सिंगापूर आणि हाँगकाँगमध्ये भेटींच्या टोपल्या आल्या की त्यातला काही भाग काढून मुलाकडे परत पाठवतात. सगळं ठेवून घेणं बरं दिसत नाही. सिंगापूरच्या टिओच्यू (दक्षिण चीनमधून आलेल्या एका समाजाच्या) घरांत सासू सुनेला सोन्याचे चार दागिने घालते. ते सुनेला दिलेले असतात, तिच्या आईवडिलांना नव्हे, हा भेद लक्षात ठेवावा.

या दोहोंत न मोडणारा पैसाही लग्नात बराच फिरतो. जोडपं वडीलधाऱ्यांना चहा देतं, तेव्हा हातात पडणारी लाल पाकिटं, सुनेने सासूला पहिल्यांदा 'आई' म्हटल्यावर मिळणारी वेगळी रक्कम, पाहुण्यांचा आहेर. ही पाकिटं आता अनेकदा वीचॅट या चिनी ॲपवरून जातात. आहेराची नोंद घरोघरी वहीत ठेवतात, कारण तो पुढे त्यांच्याकडच्या लग्नात फेडायचा असतो. हे मराठी माणसाला वेगळं समजावून सांगायला नको.

कायद्याने 1950 पासून, म्हणजे नव्या चीनच्या पहिल्याच विवाह कायद्यापासून, लग्नाच्या नावाखाली पैसा उकळण्यावर बंदी घातली. 2021 पासून लागू असलेल्या नागरी संहितेतही ती आहे. पण रीतीप्रमाणे दिलेली त्सायली बेकायदा नाही, आणि वाद तिथेच होतात. लग्न मोडलं तर काय? नोंदणी झालीच नाही आणि जोडपं एकत्रही राहिलं नाही, तर परत मिळते. नोंदणी झाली पण संसार झालाच नाही, किंवा देण्यामुळे देणाऱ्यांना जगणं कठीण झालं, तर घटस्फोट झाल्यावर परत मागता येते. 1 फेब्रुवारी 2024 पासून सर्वोच्च जन न्यायालयाच्या नव्या स्पष्टीकरणाने आणखी एक दार उघडलं: नोंदणी होऊन एकत्र राहिले, पण थोडाच काळ, आणि रक्कम अवाच्या सवा असेल, तर न्यायालय काही भाग परत करायला सांगू शकतं. जियाझुआंग किती आलं, मूल झालं का, दोष कोणाचा, हेही पाहिलं जातं. सणावाराच्या किंवा वाढदिवसाच्या लहानसहान भेटी मात्र त्सायलीत धरायच्या नाहीत. आईवडिलांनाही दाव्यात पक्षकार होता येतं, कारण पैसे खरोखर त्यांनीच दिले-घेतले असतात. तांग काळी मुलाकडच्यांनी सोयरीक मोडली तर त्यांची भेट बुडायची. आज लग्न का फिसकटलं यापेक्षा संसार प्रत्यक्षात झाला का, हे आधी विचारतात. हा बदल मला योग्य वाटतो.

जियाझुआंगचा कायदा त्यामानाने सरळ आहे. नोंदणीच्या आधी आईवडिलांनी मुलीला दिलं ते तिचं स्वतःचं. नोंदणीनंतर दिलं आणि 'हे फक्त मुलीसाठी' असं स्पष्ट केलं नाही, तर ते साधारणपणे दोघांचं सामाईक धरलं जातं. तिथली अनेक जोडपी समारंभाच्या बऱ्याच आधी नोंदणी उरकतात. म्हणून आई लग्नाच्या मांडवात बँकेचं कार्ड मुलीच्या हातात ठेवते, तेव्हा कायद्याच्या लेखी मुलगी विवाहित असते, आणि ते कार्ड दोघांचं ठरू शकतं. चिनी घरात लग्न ठरत असलेल्या कोणालाही मी ही तारीख आधी पाहायला सांगेन.

आपल्याकडचा हुंडा मुलाकडचे मागतात, आणि तो सासरच्या हाती जातो. 1961 च्या कायद्याने त्यावर बंदी आहे. जियाझुआंगला हुंडा म्हटलं की ही मागणीची, छळाची सगळी सावली त्याच्यावर पडते. चीनमधले आजचे भांडणतंटे मात्र बहुतेक त्सायलीचे आहेत. त्सायलीच्या जवळचं आपल्याकडे काही असेल तर ते भिल्लांसारख्या आदिवासी समाजांतलं देज.

2021 पासून चीनच्या नागरी व्यवहार मंत्रालयाने लग्नरीती सुधारण्यासाठी निवडक ठिकाणी प्रयोग सुरू केले. कित्येक गावांच्या समित्यांनी त्सायलीवर कमाल मर्यादा घातल्या, सामूहिक विवाह भरवले. काही जोडपी नाममात्र रक्कम देऊन रीत पाळतात. दरम्यान लग्नंच कमी होत चालली आहेत: 2013 मध्ये सुमारे 1 कोटी 35 लाख जोडप्यांनी नोंदणी केली होती, 2024 मध्ये सुमारे 61 लाख. महाग त्सायली हे त्यामागचं एकमेव कारण नाही, पण ते एक कारण नाही असं म्हणणं अवघड आहे.

जियांगसू आणि झेजियांग प्रांतांत एक नवी तडजोड दिसते. दोन्ही घरांत एकेकच अपत्य, दोन्ही घरं बऱ्यापैकी सुस्थितीतली. मग ना त्सायली, ना जियाझुआंग. मुलगी 'दिली' जात नाही आणि मुलगा घरजावई होत नाही. दोन्हीकडे खोली तयार, जोडपं आलटूनपालटून राहतं, खर्च ज्याचा त्याने करायचा. बोलणी होतात ती मुलांवरून. दोन मुलं व्हावीत, पहिलं बापाच्या आडनावाचं आणि दुसरं आईच्या, असं बहुधा ठरतं. एकच झालं तर आडनाव कोणाचं, हे लग्नाआधीच स्पष्ट बोलून घेतात.