गहू आला, माणसं गेली

१८७९चा उन्हाळा इंग्लंडमध्ये पावसातच गेला आणि पीक बुडालं. पीक कमी आलं की भाव चढतो, हा शेतकऱ्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा हिशेब. त्या वर्षी तो चुकला, कारण अमेरिकेचा गहू बंदरात येऊन पडला होता. १८७७मध्ये क्वार्टरला (सुमारे २१८ किलो) ५६ शिलिंग ९ पेन्स असलेला सरासरी भाव १८९४मध्ये २२ शिलिंग १० पेन्सवर आला.

गहू एवढा स्वस्त का पडू लागला? आगगाडी आणि आगबोट तर होतीच, पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती धान्याची हाताळणी. १८४२मध्ये अमेरिकेतल्या बफेलो बंदरात जोसेफ डार्टने वाफेवर चालणारं कोठार उभारलं. पट्ट्याला लावलेले डोल जहाजाच्या पोटात उतरत आणि मोकळं धान्य वर खेचत. पोती आणि हमाली दोन्ही वाचली. पुढे शिकागोत गव्हाची प्रत ठरू लागली. एका प्रतीचा माल, कुणाचाही असो, एकत्र ओतायचा आणि शेतकऱ्याच्या हाती पावती द्यायची. १८७०मध्ये लिव्हरपूलचा भाव शिकागोपेक्षा सुमारे ५८ टक्के जास्त होता. पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर हा फरक जेमतेम १६ टक्के उरला.

याचा फटका जर्मनीत एल्ब नदीच्या पूर्वेला, पोमेरेनिया आणि पश्चिम प्रशियात जोरात बसला. तिथल्या जमीनदारीत मजुराला मळणीच्या धान्यातला वाटा मिळे. भाव पडले, मळणीयंत्रानं हिवाळ्याचं काम खाल्लं आणि मजूर अमेरिकेची वाट धरू लागले. १८८१ या एका वर्षात दोन लाखांहून अधिक जर्मन समुद्रापार गेले. गव्हावर १८७९मध्ये शंभर किलोमागे एक मार्क जकात बसली, ती १८८७पर्यंत पाच मार्क झाली. त्यानं जमीनदार तगला. मजुराची भाकरी मात्र महागली.

डेन्मार्कनं जकात लावली नाही. स्वस्त धान्य गुरांना घातलं. १८७८मध्ये आलेल्या, स्वीडिश अभियंता लावालच्या यंत्रानं दुधातून साय झटपट वेगळी होऊ लागली, त्यामुळे दोन-चार गाईंवाल्यांचं दूध एकत्र करणं परवडलं. १८८२मध्ये येडिंग गावी पहिली सहकारी डेअरी निघाली. लोणी ब्रिटनला, ताक आणि साय काढलेलं दूध डुकरांना. डेन्मार्कमधूनही लोक गेले, पण लोकसंख्येच्या मानानं नॉर्वे-स्वीडनपेक्षा बरेच कमी.

गेलेल्यांपैकी अनेकांनी अमेरिकेतल्या डकोटा-मिनेसोटात जमिनी नांगरल्या. इटलीतून अर्जेंटिनात गेलेल्यांनी सांता फेच्या सपाट मैदानांवर तेच केलं. त्यांचा गहूही युरोपलाच येत राहिला, आणि मागे राहिलेल्यांचे भाव आणखी पाडत राहिला.