कोरम आणि फेन्सिंग: मोजणी वेगळी, वीज तोडणं वेगळं

"तीन नोड आहेत, कोरम आहे, मग फेन्सिंग कशाला?" लिनक्सवर हाय-अव्हेलेबिलिटी क्लस्टर, म्हणजे एक सर्व्हर (नोड) पडला तरी सेवा चालू ठेवणारा सर्व्हरांचा गट, उभारताना हा प्रश्न हमखास येतो. त्यात दोन निराळ्या कामांची गल्लत आहे: कोरम म्हणजे मतमोजणी, फेन्सिंग म्हणजे उत्तर न देणाऱ्या नोडची वीज तोडणं. हार्डवेअरची यादी करतानाच ती निस्तरलेली बरी, कारण दोन्हींना लागणारी सामग्री वेगळी आहे.

कोरम म्हणजे मतांची मोजणी. साध्या मांडणीत प्रत्येक नोडला एक मत असतं. निम्म्याहून जास्त मतं ज्या गटाकडे, त्याने सेवा चालवायच्या. तीन नोडमध्ये दोन मतं लागतात, पाचमध्ये तीन. चार नोडमध्येही तीनच लागतात, म्हणजे चौथा नोड घेऊनही एकाहून जास्त नोड गमावता येत नाहीत. नेटवर्क तुटलं की अल्पमतातला नोड आपण अल्पमतात आहोत हे ओळखतो आणि पेसमेकर (सेवा कुठे चालवायच्या ते ठरवणारं सॉफ्टवेअर) त्याच्यावरच्या सेवा थांबवतो.

पण हे ओळखायला तो नोड शुद्धीवर असावा लागतो. तीन नोडपैकी पहिल्यावर डेटाबेस चालू आहे, डेटा सामायिक डिस्कवर आहे, आणि त्या नोडचा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा) मिनिटभर गोठला असं समजा. नोडना एकमेकांशी बोलतं ठेवणाऱ्या कोरोसिंकची टोकनची मुदत (उत्तराची वाट पाहायची वेळ) काही सेकंदांचीच असते. ती संपताच उरलेले दोघे नवा गट करतात. दोन मतं आहेत, कोरम आहे, म्हणून त्यांच्यापैकी एक तीच डिस्क माउंट करून (वापरात घेऊन) डेटाबेस सुरू करतो. मग पहिला नोड जागा होतो. मधे वेळ गेला याचा त्याला पत्ता नसतो. रांगेत अडकलेलं लेखन तो थेट डिस्कवर उतरवतो. ईएक्सटी४ किंवा एक्सएफएस या फाइलसिस्टम (डिस्कवर फाइली मांडायच्या पद्धती) एकाच वेळी दोन ठिकाणी माउंट होण्यासाठी बनलेल्याच नाहीत, त्यामुळे फाइलसिस्टम बिघडते. मतमोजणी मात्र शेवटपर्यंत अचूकच होती.

फेन्सिंग ही फट बुजवतं. उत्तर न देणारा नोड मेलाच असेल असं उरलेले दोघे धरून चालत नाहीत. ते त्याची वीज तोडतात, ती तुटल्याची खात्री करून घेतात आणि मगच डिस्कला हात लावतात. खात्री मिळेपर्यंत पेसमेकर त्या नोडवरच्या सेवा दुसरीकडे सुरू करत नाही. हे थांबणं त्रासदायक वाटतं, म्हणून स्टोनिथ (पेसमेकरमधलं फेन्सिंग) बंद करून टाकण्याचा मोह होतो. सामायिक डिस्क असलेल्या क्लस्टरमध्ये तो सल्ला कुणीही दिला तरी ऐकू नये.

कोरमसाठी जे घ्यायचं ते मतं आणि मतं पोचवणारे रस्ते यांच्यासाठी. एकाच नेटवर्क कार्डावरचे दोन पोर्ट बाँड केले (एकत्र जोडले) तरी कार्ड गेलं की दोन्ही जातात. दोन वेगळी कार्डं आणि दोन वेगळे स्विच हवेत. कोरोसिंक ३ मध्ये ८ पर्यंत लिंक देता येतात. नोड दोनच असतील तर तिसरं मत क्यूडिव्हाइसकडून (बाहेरच्या सर्व्हरवरून मत देणाऱ्या सोयीकडून) मिळवता येतं. त्याचा सर्व्हर छोटा असला तरी चालतो, फक्त तो दोन्ही नोडपासून वेगळ्या जागी, वेगळ्या विजेवर असावा. कोरोसिंकचा दोन-नोड मोड वापरला तर एकटा उरलेला नोडही कोरम धरून ठेवतो; तिथे सगळा भार फेन्सिंगवर येतो.

फेन्सिंगसाठी सर्व्हरमधला बीएमसी (सर्व्हर दुरून चालू-बंद करणारी स्वतंत्र चिप) सर्वात सोयीचा, आयपीएमआयने (त्याच्याशी नेटवर्कवरून बोलायच्या पद्धतीने) हुकूम दिला की झालं. त्याची उणीव मात्र मोठी आहे: त्याला वीज त्याच सर्व्हरच्या पॉवर सप्लायमधून मिळते. सर्व्हरची वीजच गेली तर बीएमसीही गप्प होतो, खात्री मिळत नाही आणि क्लस्टर वाट पाहत बसतो. म्हणून दुसरी पातळी म्हणून आउटलेट बंद करता येणारे पीडीयू (रॅकमधल्या सर्व्हरना वीज वाटणारे बोर्ड) घ्यावेत. सर्व्हरला दोन पॉवर सप्लाय असतील तर आधी दोन्ही आउटलेट बंद आणि मगच चालू, हा क्रम लावून द्यावा लागतो. एकेक बंद-चालू केलं तर सर्व्हर कधी बंद पडतच नाही. बीएमसीला स्वतंत्र पोर्ट द्यावा. क्लस्टरच्याच केबलवर तो असला तर केबल तुटताच नोडही दिसेनासा होतो आणि त्याला बंद करायची सोयही जाते.

गल्लत मुख्यतः एसबीडीमुळे (सामायिक डिस्क किंवा वॉचडॉग वापरून नोड रीबूट करणाऱ्या फेन्सिंगमुळे) वाढते. डिस्कशिवायच्या एसबीडीत कोरम गमावलेला नोड वॉचडॉगकरवी (वेळेत खूण मिळाली नाही तर मशीन रीबूट करणाऱ्या टायमरकरवी) स्वतःला रीबूट करतो, त्यामुळे दोन्ही गोष्टी एकच भासतात. तिथेही मोजणी कोरमची आणि मारणं वॉचडॉगचं. हा वॉचडॉग हार्डवेअरमधला हवा. सॉफ्टडॉग (सॉफ्टवेअरमधला वॉचडॉग) कर्नलच्याच भरवशावर चालतो, आणि आपल्याला भीती आहे ती कर्नल गोठण्याचीच.

चाचण्याही म्हणून दोन घ्याव्या लागतात. कोरमची चाचणी म्हणजे एका नोडच्या क्लस्टरच्या सगळ्या नेटवर्क केबल काढणं. फेन्सिंगची चाचणी म्हणजे डेटाबेस चालवणाऱ्या नोडच्या दोन्ही पॉवर केबल एकदम उपटणं. दुसऱ्या चाचणीनंतर सेवा दुसऱ्या नोडवर आली नाही, तर पीडीयूची पातळी नीट जोडलेली नाही.