जुन्या कंपायलरमुळे अडणारी कर्नल-बांधणी

कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. नव्या कर्नलचा सोर्स कोड जुन्या कंपायलरने (सोर्स कोड असेंबली भाषेत उतरवणारा), असेंबलरने (त्यातून मशीनचे कोड काढणारा) किंवा लिंकरने (तयार तुकडे जोडणारा) बांधायला घेतला की मध्येच येणाऱ्या एरर आणि त्या काढण्याची रीत. या हत्यारांच्या संचाला टूलचेन म्हणतात. ही नोंद लिनक्सपुरती आहे. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी हे कर्नल लिहायला घेतले तेव्हापासून ते जीसीसी या कंपायलरवर बांधले जाते. त्यामुळे 'माझा जीसीसी कोणता?' हा प्रश्न बांधणीआधीच विचारलेला बरा.

विदर्भाच्या खेड्यात कर्नल बांधायच्या हौसेपोटी या एररशी गाठ पडते ती थोड्यांची. बाकीच्यांच्या वाट्याला ती वाय-फायच्या डोंगलमुळे येते. पुसद, शेगाव किंवा सेवाग्रामला इंजिनिअरिंग शिकणारे पोर सुट्टीत गावी येते, सेकंडहँड लॅपटॉपवर उबुंटू हे लिनक्स टाकते आणि डोंगल चालत नाही म्हणून त्याचा ड्रायव्हर स्वतः बांधायला बसते. ड्रायव्हर म्हणजे कर्नलचे मॉड्यूल, कर्नलला जोडता येणारा तुकडा. कर्नल ज्या कंपायलरने बांधले, त्याच्याच तोडीचा कंपायलर मॉड्यूललाही लागतो. उबुंटू २२.०४ मध्ये मूळ कंपायलर जीसीसी ११, पण अपडेटमधून आलेले ६.५ कर्नल जीसीसी १२ ने बांधलेले. मग पडद्यावर आधी इशारा येतो की कर्नल बांधणारा कंपायलर वेगळा होता, आणि त्याखाली 'अनरेकग्नाइज्ड कमांड-लाइन ऑप्शन' म्हणत 'ट्रिव्हियल ऑटो व्हार इनिट' या पर्यायाचे नाव. हा पर्याय जीसीसीत १२ पासूनच आहे, अकराला तो कळणार कसा? जीसीसी १२ चे पॅकेज घालून, बांधणी चालवणाऱ्या मेक या प्रोग्रामला 'सीसी=जीसीसी-१२' सांगितले की काम होते. जुन्या मशीनवर हाच प्रकार 'स्टॅक प्रोटेक्टर स्ट्राँग' या नावाने येई, कारण तो पर्याय जीसीसी ४.९ मध्ये आला आणि उबुंटू १४.०४ चा जीसीसी ४.८ होता. चालू कर्नल कोणत्या कंपायलरने बांधले ते 'प्रॉक' डिरेक्टरीतल्या 'व्हर्जन' फाइलीत लिहिलेले असते.

एरर वाचताना लोक शेवटची ओळ पाहतात, ती निरुपयोगी असते. मेक चार-आठ कामे एकदम चालवतो, म्हणून पहिली एरर वर कुठेतरी गेलेली असते. एकाच कामावर मेक पुन्हा चालवला की ती समोर थांबते. 'असेंबलर मेसेजेस' असे शब्द दिसले तर दोष कंपायलरचा नाही, बिनयुटिल्स (असेंबलर आणि लिंकरचे पॅकेज) जुने आहे. बांधणीला लागणारे फ्लेक्स, बायसन किंवा लिबएल्फ नाही अशी तक्रार असेल तर काही जुने नाही, पॅकेजच घातलेले नाही.

कर्नलला लागणाऱ्या किमान जीसीसीची रेघ वर सरकत आली आहे. कर्नल ४.१८ पर्यंत जीसीसी ३.२ कागदोपत्री चालत होता. २०१८ च्या ४.१९ कर्नलने ४.६ मागितला, २०२१ च्या ५.१५ ने ५.१, आणि २०२५ च्या ६.१६ ने थेट ८.१, सोबत बिनयुटिल्स २.३०. सेंटओएस ७ या जुन्या लिनक्सचा जीसीसी ४.८.५ या हिशेबात कधीच मागे पडला.

'कंपायलर इज टू ओल्ड' आले की आवृत्ती तपासणारी ओळच खोडून टाकायची, हा उपाय हमखास कोणीतरी सुचवतो. डीपीतला फ्यूज उडतो म्हणून जाड तार बांधण्यातलाच हा प्रकार: पंप सुरू होतो, पण मोटार जळते. जानेवारी २०२१ मध्ये कर्नलचे डेव्हलपर रसेल किंग यांना एआरएम-६४ प्रोसेसरच्या मशीनवर एक्स्ट-४ फाइल सिस्टिममध्ये अधूनमधून चेकसम (डेटा बरोबर आहे का ते तपासणारा आकडा) चुकताना दिसले. डिस्क ठीक होती. दोष निघाला जीसीसी ४.९ मध्ये. फंक्शन संपताना तो स्टॅकची (तात्पुरत्या किमती ठेवण्याची) जागा आधी सोडून द्यायचा आणि तिथली किंमत नंतर वाचायचा. नेमक्या त्या फटीत इंटरप्ट (चालू काम मध्येच थांबवणारा संकेत) आला तर किंमत बदललेली असे. बांधणीच्या वेळी एकही एरर नाही, आणि बिघाड होणार केव्हा याचा नेम नाही. म्हणून एआरएम-६४ साठी जीसीसी ५.१ ची अट इतरांच्या आधीच लागली.

नवा कंपायलर आणायचा तर सर्वांत सोपे म्हणजे डिस्ट्रोचेच (उबुंटू, सेंटओएस अशा लिनक्सचेच) दुसरे पॅकेज. सेंटओएस ७ वर डेवटूलसेट हे नव्या कंपायलरचे पॅकेज होते, त्यात बिनयुटिल्सही नवे मिळे. तयार बांधलेले कंपायलर कर्नल डॉट ऑर्गवरच ठेवलेले आहेत; फोनच्या हॉटस्पॉटवर दिवसाचा डेटा मोजून वापरणाऱ्याने तेच उतरवावेत. जीसीसी सोर्सपासून बांधणे शक्य आहे, ४.८ वरून ११ बांधता येतो, पण जुन्या मशीनवर त्यात तासन्‌तास जातात. एवढे करूनही तो जीसीसी सिस्टिमचाच जुना असेंबलर वापरत राहतो. पुष्कळ जण इथे फसतात. कर्नलचा सोर्सही अख्ख्या इतिहासासकट उतरवू नये, गिटला 'डेप्थ १' सांगून फक्त ताजी आवृत्ती घ्यावी.

एक बिघाड टूलचेनचा वाटतो पण नसतो. बांधणी चालू असताना लाईन गेली आणि मशीनला बॅटरी नसली, तर अर्धवट राहिलेल्या ऑब्जेक्ट फाइली (कंपाइल झालेले तुकडे) शून्य बाइटच्या उरतात. मेक तारीख-वेळ पाहून त्या झालेल्या समजतो आणि लिंकर 'फाइल ट्रंकेटेड' म्हणून थांबतो. तेवढ्या शून्य बाइटच्या फाइली शोधून पुसल्या की मेक उरलेले काम पुढे नेतो, सगळे पहिल्यापासून बांधावे लागत नाही. कंपायलर बदलल्यावर मात्र 'मेक क्लीन' करून नव्यानेच बांधावे.

उलट बाजूही आहे: जुने कर्नल, नवा कंपायलर. ३.१० सारख्या कर्नलवर जीसीसी ५ चालवला की 'कंपायलर-जीसीसी५' ही हेडर फाइल सापडत नाही म्हणून बांधणी पहिल्याच पायरीला थांबते. तिथे जुना जीसीसीच शोधावा लागतो.