मेंटेनन्स पेज

मेंटेनन्स पेज : संकेतस्थळाचे नियोजित काम चालू असताना नेहमीच्या पानांऐवजी दाखवायचे तात्पुरते पान. सर्व्हरची (म्हणजे संकेतस्थळाची पाने पुरवणाऱ्या संगणकाची) प्रणाली अद्ययावत करणे, डेटाबेस दुसऱ्या यंत्रावर हलवणे, नवी आवृत्ती चढवणे अशा कामांसाठी संकेतस्थळ काही मिनिटे ते काही तास बंद ठेवावे लागते. त्या काळात येणाऱ्या प्रत्येक मागणीला वेब सर्व्हर ५०३ या क्रमांकाचे उत्तर देतो आणि त्यासोबत हे पान पाठवतो. मुंबईतल्या लोकांच्या तोंडी ‘साइट मेंटेनन्सला आहे’ असे येते ते याच अवस्थेबद्दल.

स्वतःचे पान तयार केलेले नसेल तर सर्व्हर आपले मूळ पान दाखवतो. अपाचे या वेब सर्व्हर प्रणालीचे मूळ पान इंग्रजीत सांगते की देखभालीमुळे किंवा क्षमता अपुरी पडल्यामुळे सेवा तात्पुरती देता येत नाही, नंतर प्रयत्न करा. एनजिनएक्स या दुसऱ्या वेब सर्व्हर प्रणालीचे पान याहून त्रोटक असते : पांढऱ्या पानावर ठळक अक्षरांत एक ओळ, खाली आडवी रेघ आणि सर्व्हरचे नाव. रात्री जेवण आटोपून मालमत्ता कर भरायला बसलेल्या माणसाला त्यावरून एवढेच कळते की काहीतरी बिघडले आहे. खात्यातून पैसे गेले का, पुन्हा भरायचे का, उद्या दंड लागेल का, यांतल्या एकाही प्रश्नाचे उत्तर तिथे नसते. म्हणून हे पान स्वतः लिहिणे हा सजावटीचा भाग मानू नये; सेवा देणाऱ्याच्या मूळ जबाबदारीतच ते येते.

क्रमांकाचे महत्त्व

मेंटेनन्स पेज माणसे वाचतात तशी यंत्रेही वाचतात. सर्च इंजिनांचे बॉट (पाने आपोआप वाचत फिरणारे), मोबाइल ॲप, पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे स्वीकारणारी मध्यस्थ सेवा), दुसऱ्या संस्थांचे सर्व्हर या सगळ्यांना पानावरचा मजकूर समजत नाही. त्यांना उत्तराच्या सुरुवातीचा तीन आकडी क्रमांक कळतो. ५ ने सुरू होणारे क्रमांक अडचण सर्व्हरकडे असल्याचे सांगतात. ५०० म्हणजे आत काहीतरी मोडले. ५०२ म्हणजे मधल्या सर्व्हरला मागच्याकडून भलतेच उत्तर आले, आणि ५०४ म्हणजे ते वेळेत आलेच नाही. ५०३ चा अर्थ असा की सर्व्हर जास्त भारामुळे किंवा ठरलेल्या देखभालीमुळे सध्या काम करू शकत नाही, पण थोड्या वेळाने करील. १९९६ साली एचटीटीपी १.० चे (ब्राउझर आणि सर्व्हर यांच्या संवादाच्या नियमांचे) वर्णन करणाऱ्या आरएफसी १९४५ या तांत्रिक दस्तऐवजात हा क्रमांक होता. जून २०२२ च्या आरएफसी ९११० मध्येही तो त्याच अर्थाने आहे.

सर्वांत जास्त आढळणारी आणि सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे सुंदर पान बनवून ते २०० या क्रमांकाने पाठवणे. २०० म्हणजे ‘सर्व ठीक’. सर्च इंजिनला मग वाटते की संकेतस्थळाच्या प्रत्येक पानावर आता ‘देखभाल सुरू आहे’ हाच मजकूर आहे, आणि ते त्याची तशीच नोंद करते. याहून गंभीर नुकसान पैशांच्या व्यवहारात होते. ग्राहकाने पैसे भरले की पेमेंट गेटवे दुकानाच्या सर्व्हरला तशी सूचना पाठवतो. उत्तर ५०३ आले तर तो सहसा थोड्या वेळाने सूचना पुन्हा पाठवतो. २०० आले तर सूचना पोहोचली असे समजून पुन्हा पाठवत नाही. काम आटोपल्यावर ग्राहकाकडे पैसे भरल्याचा पुरावा असतो आणि दुकानाच्या वहीत त्याची नोंदच नसते.

दुसरी चूक प्रत्येकाला वेगळ्या पत्त्यावर वळवण्याची. वाचकाच्या ब्राउझरमधला मूळ पत्ता त्यामुळे जातो. संकेतस्थळ सुरू झाल्यावरही तो रिफ्रेश करत त्याच बंदच्या पानावर बसून राहतो. कायमच्या बदलाचा ३०१ हा क्रमांक वापरून वळवले असेल तर ब्राउझर ते वळण लक्षातही ठेवतो.

५०३ सोबत ‘रिट्राय-आफ्टर’ हे हेडर (मजकुराआधी जाणारी माहितीची ओळ) पाठवता येते. त्यात किती सेकंदांनी परत यावे ते, किंवा नेमकी तारीख आणि वेळ लिहितात. तारीख लिहायची तर ती ग्रिनिच वेळेतच लिहावी लागते, आणि भारतीय प्रमाणवेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. मुंबईत सकाळी ६ वाजता काम संपणार असेल तर हेडरमध्ये त्याच तारखेचे ००:३० येते. इथे ०६:०० लिहिले तर यंत्रांना साडेअकरापर्यंत थांबण्याचा निरोप जातो. सेकंदांचा आकडा वापरला की हा घोळ टळतो.

५०३ हा थोड्या काळाचा निरोप आहे. गूगलचा बॉट तो पाहून आपल्या फेऱ्या कमी करतो, पण अनेक दिवस तेच उत्तर मिळत राहिले तर पाने आपल्या सूचीतून काढू लागतो.

मांडणी

अपाचेमध्ये ‘एररडॉक्युमेंट’ या निर्देशापुढे क्रमांक आणि पानाचा पत्ता लिहितात. पत्ता त्याच सर्व्हरवरचा, तिरक्या रेघेने सुरू होणारा हवा. तिथे पूर्ण वेबपत्ता दिला तर अपाचे वाचकाला तिकडे वळवतो आणि ५०३ हा क्रमांक वाटेतच हरवतो. एनजिनएक्समध्ये हेच काम ‘एरर_पेज’ करतो. त्यात ‘ॲड_हेडर’ने घातलेले हेडर एरवी त्रुटीच्या उत्तरांना लागत नाही, शेवटी ‘ऑलवेज’ हा शब्द जोडावा लागतो. रिट्राय-आफ्टर लिहूनही बाहेर का जात नाही, याचे कारण बहुतेक वेळा हेच असते. मायक्रोसॉफ्टच्या एएसपी डॉट नेट या वेब ॲप्लिकेशन बनवण्याच्या प्रणालीत ‘ॲप_ऑफलाइन’ नावाची एचटीएम फाइल मूळ फोल्डरमध्ये टाकली की ॲप्लिकेशन बंद होते आणि तीच फाइल सगळ्यांना दिसते.

प्रत्यक्षात चालू-बंद करण्यासाठी खुणेची फाइल वापरणे सोयीचे. ठरलेल्या नावाची रिकामी फाइल सर्व्हरवर असेल तर ५०३ द्यायचे, नसेल तर नेहमीचे काम चालू, असा नियम आधीच लिहून ठेवतात. मध्यरात्री डोळ्यांवर झोप असताना कॉन्फिगरेशन बदलण्यापेक्षा एक फाइल बनवणे आणि पुसणे केव्हाही सुरक्षित. मेंटेनन्स पेजचा स्वतःचा पत्ता मात्र या नियमातून वगळावा लागतो, नाहीतर त्या पानाच्या मागणीलाही ५०३ मिळते आणि सर्व्हर पुन्हा मूळ इंग्रजी पानावर येतो. हाच नियम चित्रांना आणि स्टाइलच्या फाइलींनाही लागतो. म्हणून रंगरूपाची सगळी माहिती पानातच लिहावी आणि बोधचिन्हही आतच गुंफावे. पान बाहेरच्या कशावरही अवलंबून नसावे.

काम करणाऱ्या चमूला मात्र खरे संकेतस्थळ दिसायला हवे. त्यासाठी कार्यालयाचा आयपी पत्ता (इंटरनेटवरचा क्रमांकी पत्ता) वगळतात. सर्व्हरच्या पुढे सीडीएन (पानांच्या प्रती साठवून देणारे सर्व्हरांचे जाळे) किंवा लोड बॅलन्सर (मागण्या अनेक सर्व्हरांत वाटणारा) असेल तर सर्व्हरला येणारी प्रत्येक मागणी त्याच्याच पत्त्यावरून आल्यासारखी दिसते; वाचकाचा खरा पत्ता हेडरमधून काढण्याची सोय आधी करावी लागते. मोबाइल ॲपसाठीही वेगळी तजवीज लागते. ॲपला जेसन (यंत्रांसाठीची माहितीची मांडणी) अपेक्षित असताना ब्राउझरसाठीचे एचटीएमएल पान मिळाले तर ते गोंधळते, म्हणून एपीआयच्या (ॲप जिथे माहिती मागते त्या) पत्त्यांवर त्याच क्रमांकाने जेसनमधला छोटा निरोप द्यावा.

मराठी मजकूर आणि लिपी

सर्व्हरचे मूळ पान इंग्रजी असल्यामुळे मराठी संकेतस्थळांवरही बंदच्या काळात इंग्रजी दिसते. एरवी आपल्याशी मराठीत बोलणारी सेवा नेमकी अडचणीच्या वेळी भाषा बदलते, हे वाचकाला खटकते आणि ते खटकणे रास्त आहे.

मराठी पानाला ‘यूटीएफ-८’ ही सांकेतिकता (अक्षरे आकड्यांत साठवण्याची पद्धत) जाहीर करावीच लागते, पानात आणि शक्यतो हेडरमध्येही. ती नसेल तर ब्राउझर अंदाज बांधतो आणि देवनागरीच्या जागी तिरपागडी चिन्हे उमटतात. सर्व लिप्यांसाठीचे यूनिकोड हे समान मानक रुळण्यापूर्वी अनेक मराठी संकेतस्थळे आपला खास फाँट वापरत; तो फाँट ज्या सर्व्हरवर, तोच बंद असला की निरोप वाचताच येत नसे. आज विंडोजमध्ये निर्मला किंवा मंगल, ॲपलच्या उपकरणांत कोहिनूर देवनागरी आणि अँड्रॉइडवर नोटो असे फाँट आधीच असतात, तेवढ्यावर भागते. पानाची भाषा मराठी असल्याचेही कोडमध्ये सांगावे : ज्या फाँटमध्ये मराठी वळणाचे ल आणि श दिलेले आहेत, तिथे ते त्यामुळे उमटतात आणि स्क्रीन रीडर (मजकूर मोठ्याने वाचणारे सॉफ्टवेअर) योग्य आवाज निवडतो. मजकुराचे चित्र करून चिकटवणे पूर्णपणे टाळावे. दृष्टिहीन वाचकाला ते पान कोरेच असते.

मजकूर कसा असावा याचा चांगला नमुना मुंबईकराच्या नेहमीच्या पाहण्यात आहे. रविवारच्या मेगाब्लॉकच्या सूचनेत कोणत्या मार्गावर, कोणत्या स्थानकांदरम्यान, किती ते किती, जलद गाड्या कुठून धिम्या मार्गावर वळवणार आणि कुठे पुन्हा जलद मार्गावर आणणार, हे सगळे असते. माटुंगा ते मुलुंड ब्लॉक असला की ठाण्याचा माणूस तेवढ्यावर आपला बेत बदलतो. मेंटेनन्स पेजवरही काय बंद आहे, केव्हापासून केव्हापर्यंत, तोवर काय करता येईल, हे त्याच क्रमाने यावे. दिलगिरी शेवटी आणि एका वाक्यात. ‘लवकरच परत येत आहोत’ एवढेच लिहिलेले पान वाचकाचा वेळ घेते आणि त्याला काहीच देत नाही. पैशांच्या संकेतस्थळावर आणखी एक वाक्य लागते : व्यवहार अर्धवट राहिला असेल तर पुन्हा पैसे भरण्याआधी खात्यातली नोंद तपासा.

मध्यरात्रीनंतरची वेळ लिहिताना विशेष काळजी घ्यावी. ‘शनिवारी रात्री २ वाजता’ म्हणजे कोणती रात्र, यावर घरातल्या घरात दोन मते पडतात. ‘शनिवार-रविवारच्या मध्यरात्रीनंतर, रविवार १५ जून, पहाटे २ ते ६’ असे लिहिले की शंका राहत नाही.

वेळेची निवड

मुंबईत हे काम केव्हा करायचे, हा प्रश्न पूर्वी सोपा होता. आर्थिक संस्थांचे व्यवहार संध्याकाळी थांबत आणि रात्र मोकळी मिळे. रिझर्व्ह बँकेने एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस १४ डिसेंबर २०२० पासून चोवीस तास, वर्षभर सुरू केली. यूपीआय तर २०१६ मध्ये आली तीच अहोरात्र चालणारी. त्यामुळे बँकांना आता रात्रीचाही कमीत कमी वर्दळीचा तुकडा शोधून तो आधी जाहीर करावा लागतो. शेअर दलालांचे तसे नाही. बाजार सोमवार ते शुक्रवार सकाळी ९.१५ ते दुपारी ३.३० चालतो, त्यामुळे मोठी कामे शनिवार-रविवारी ठेवता येतात. वस्तुबाजाराचे व्यवहार रात्री साडेअकरापर्यंत, हिवाळ्यात त्याहीपुढे चालत असल्याने तिथल्या दलालांची आठवड्यातली रात्र तोकडी असते.

रेल्वेच्या ऑनलाइन तिकीटविक्रीने दररोज मध्यरात्रीच्या आसपास थोडा वेळ बंद राहण्याची प्रथा ठेवली आहे, आणि नियमितपणामुळे लोकांना ती पाठ झाली आहे. गणपतीला कोकणात जाणारे चाकरमानी सकाळी आठला आरक्षण उघडण्याची वाट पाहत बसतात, तत्काळसाठी दहा आणि अकराचे ठोके धरतात. त्या मिनिटांना बंदचे पान दिसणे कोणालाच परवडणारे नाही. अशा वेळी गर्दीने सर्व्हर दमला तरी उत्तर ५०३ च असते, पण त्या पानावरचा मजकूर वेगळा हवा. देखभाल सुरू नसताना ‘देखभाल सुरू आहे’ असे सांगणे वाचकाची फसवणूक ठरते.

पान काढून घेताना

काम संपल्यावर खुणेची फाइल पुसली म्हणजे सगळे झाले असे नाही. सीडीएनने किंवा ब्राउझरने बंदचे पान साठवून ठेवले असेल तर काही वाचकांना ते नंतरही दिसत राहते. म्हणून ते पाठवतानाच ‘कॅश-कंट्रोल’ हेडरमध्ये ‘नो-स्टोअर’ (साठवू नका) लिहितात आणि नंतर सीडीएनवरची साठवण रिकामी करतात. तपासणी वगळलेल्या आयपी पत्त्यावरून करू नये, कारण तिथून संकेतस्थळ सुरूच दिसत होते. कार्यालयाचे वायफाय सोडून मोबाइलच्या डेटावरून उघडून पाहावे. वर्डप्रेस या संकेतस्थळ चालवण्याच्या प्रणालीत अद्ययावत करण्याचे काम मध्येच तुटले तर ‘मेंटेनन्स’ नावाची, टिंबाने सुरू होणारी फाइल मूळ फोल्डरमध्ये राहून जाते. तिच्यात लिहिलेल्या वेळेपासून दहा मिनिटे उलटली की वर्डप्रेस तिच्याकडे दुर्लक्ष करते. तेवढे थांबायचे नसेल तर ती हाताने पुसावी लागते. टिंबाने सुरू होणाऱ्या फाइली बऱ्याच फाइल मॅनेजरांत दडलेल्या असतात, तेव्हा आधी त्या दाखवण्याचा पर्याय चालू करावा.