कंबरदुखीवरील सांध्यातील इंजेक्शन

मणक्यांमागचे फॅसेट सांधे किंवा कंबरेखालचा सॅक्रोइलियक सांधा यांत भुलीचे औषध व स्टेरॉइड सोडून दुखणे कमी करण्याचा उपचार. पायात कळ जाणाऱ्या सायटिकासाठी देतात ते एपिड्युरल (मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरच्या जागेत दिले जाणारे) इंजेक्शन वेगळे. दोन्हींना सरसकट ‘मणक्यातलं इंजेक्शन’ म्हटल्याने रुग्णांचा गोंधळ होतो.

कंबरेच्या लगतच्या दोन मणक्यांमागे डावा-उजवा असे दोन फॅसेट सांधे असतात. सांधा इतका लहान, की त्यात जेमतेम १ ते २ मिलिलिटर औषध मावते. मागे वाकले की त्यावर दाब वाढतो. नाशिक जिल्ह्यातील निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी मांडवाखाली हात वर करून, पाठ मागे कलती ठेवून दिवसभर चालते. या कामात हा ताण सतत पडतो. दुखणे कंबरेत, कुल्ल्यात, फार तर मांडीत उतरते; गुडघ्याखाली सहसा जात नाही. मात्र एमआरआयमध्ये झीज दिसली म्हणजे दुखणे त्याच सांध्याचे, असे ठरत नाही. म्हणून भुलीच्या औषधाने काही तास आराम पडतो का, हे पाहून दुखणे त्या सांध्याचे आहे का याचा अंदाज घेणे हाच या सुईचा मोठा उपयोग.

रुग्णाला पालथे झोपवून, कातडी बधिर करून, सी-आर्म या क्ष-किरण यंत्राच्या पडद्यावर पाहत सुई नेतात. बहुतेकांना त्याच दिवशी घरी सोडतात. त्या दिवशी स्वतः गाडी चालवू नये. निफाडहून मोटरसायकलवर येणाऱ्याने सोबत कोणाला तरी आणावे.

स्टेरॉइडचा गुण काही दिवसांनी येतो आणि आला तर काही आठवडे ते महिने टिकतो. कायमचा इलाज म्हणून हे इंजेक्शन विकणे रुग्णावर अन्याय आहे. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील चाचणीत एका महिन्यानंतर स्टेरॉइड आणि साधे सलाइन यांत लक्षणीय फरक आढळला नाही. उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने २०१६ मध्ये साध्या कंबरदुखीसाठी मणक्याची इंजेक्शने देऊ नयेत असे सांगितले. आराम पडलाच, तर त्या काळात व्यायाम सुरू करून कंबरेचे स्नायू बळकट करावेत.

मधुमेहींची साखर काही दिवस वाढू शकते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास आधी सांगावे. ती परस्पर बंद करू नये. लघवी अडणे, जांघेत बधिरपणा, पायातली ताकद जाणे यांपैकी काही झाले तर इंजेक्शनची तारीख पाहत बसू नये, तातडीने रुग्णालय गाठावे.