डिक्शनरीत सापडला म्हणून स्क्रॅबलमध्ये चालतो असं नसतं

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे दुपारी बाहेर पाय ठेवायची सोय नसते, मग पोरं स्क्रॅबल, म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या टाइल्स जोडून शब्द लावायचा खेळ, काढतात आणि अर्ध्या तासात भांडण ठरलेलं. कोणीतरी मोबाईल नाचवतं, "हे बघ, गूगल अर्थ दाखवतंय, मग चालतो!" नाही भाऊ, नाही चालत. डिक्शनरी वेगळी आणि खेळाची वर्ड लिस्ट, म्हणजे चालणाऱ्या शब्दांची यादी, वेगळी.

डिक्शनरी सगळ्यांना माहीत आहे, त्यात वेळ घालवत नाही. फक्त तिच्यात लंडन, नासा, टीव्ही पण सापडतात, आणि खेळात कॅपिटलने लिहायची नावं, नुसते शॉर्टफॉर्म, हायफनवाले शब्द सगळे बाद.

खरा घोळ लिस्टचा. आपल्याकडे स्पर्धांना कॉलिन्स या डिक्शनरी छापणाऱ्या कंपनीची लिस्ट धरतात, पावणेतीन लाखाच्या वर शब्द, आणि तिथे प्रश्न एकच, शब्द यादीत आहे की नाही. अर्थ माहीत असायची अट नाही, कानाला बरोबर वाटायची तर नाहीच नाही. 'ओके' आख्खं जग बोलतं, पण कॉलिन्सच्या लिस्टमध्ये तो आला 2019 ला, त्याआधी लावला असता तर उचलावाच लागला असता. उलट क्यू आणि आय एवढ्या दोनच अक्षरांचा शब्द चालतो, यू नसताना, आणि तरी लोक "असा शब्दच नसतो" म्हणून हुज्जत घालतात. अनेकवचनं लिस्टमध्ये वेगळी छापलेली असतात, म्हणून शाळेत ज्या 'फर्निचर्स'वर लाल रेघ बसते ते इथे बिनधास्त लावा. आणि आपली ज्वारी! जे-ओ-डब्ल्यू-ए-आर, बोनस घर न धरता सरळ 15 पॉइंट, तरी आपलीच माणसं म्हणतात हा मराठी शब्द आहे काढ, तेव्हा मला खरंच राग येतो, ज्वारीची भाकरी खाऊन उठलेली माणसं असतात ही. बाजरा, लाख, क्रोर, रोटी पण चालतात.

अमेरिका-कॅनडाची लिस्ट वेगळी आणि लहान आहे, सी-एच हा शब्द आपल्या लिस्टमध्ये आहे, त्यांच्यात नाही. घरच्या खेळाला एवढं पुरे.

माझं म्हणणं, पहिली टाइल लावायच्या आधी लिस्ट ठरवा आणि गूगल बंद ठेवा. चॅलेंज आलं, म्हणजे कोणी शब्दावर शंका घेतली, की फक्त लिस्ट बघायची, असला तर पॉइंट लिहा, नसला तर टाइल्स उचला आणि तो चान्स गेला. अर्थ बघायचाच असेल तर डाव संपल्यावर खुशाल बघा.